मार्शल स्ट्रीटची घरं: स्मेथिक, १९६४

ब्रिटनमध्ये १५ ऑक्टोबर १९६४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली आणि तेरा वर्षं विरोधात बसलेला मजूर पक्ष जेमतेम चार जागांच्या बहुमतानं सत्तेवर आला. देशभर मतांचा कल हुजूर पक्षाकडून मजूर पक्षाकडे सरासरी साडेतीन टक्क्यांनी झुकला होता. बर्मिंगहॅमला खेटून असलेल्या स्मेथिक या कारखान्यांच्या गावात मात्र गंगा उलटी वाहिली. तिथं ७.२ टक्क्यांचा कल मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे गेला. पडलेला उमेदवारही ऐरागैरा नव्हता. पॅट्रिक गॉर्डन वॉकर १९४५पासून तिथून निवडून येत होते आणि नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री होणार हे जवळपास ठरलेलं होतं. पीटर ग्रिफिथ्स नावाच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानं, जो गावात नगरसेवकही होता, त्यांना १,७७४ मतांनी पाडलं.

या निवडणुकीची आठवण आज एका घोषणेमुळे निघते. प्रचाराच्या काळात गावात ती चिकटवलेली, लिहिलेली आणि पोरांच्या तोंडी ऐकू येत होती: काळा शेजारी हवा असेल तर मजूर पक्षाला मत द्या. मूळ घोषणेत ‘काळा’च्या जागी जी शिवी होती ती इथं छापण्यात अर्थ नाही. इतक्या उघड द्वेषावर ब्रिटिश संसदेची जागा जिंकली गेल्याचं दुसरं उदाहरण सहसा सापडत नाही, म्हणून घोषणा प्रसिद्ध झाली. पण नुसत्या घोषणेवर अडकलं की तिच्यातला ‘शेजारी’ नजरेआड होतो. भांडण ओतशाळेतल्या कामावरून नव्हतं, मंदिर-चर्चवरूनही नव्हतं. भिंतीपलीकडे कोण राहायला येणार, यावरून ते पेटलं होतं.

गाव आणि घरं

स्मेथिक हे यंत्रयुगाच्या बाळंतिणीच्या खोलीतलं गाव. वाफेची इंजिनं बनवणाऱ्या बोल्टन आणि वॅट यांची सोहो फाउंड्री १७९६ साली इथंच उभी राहिली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बसवलेली काच इथल्या चान्स ब्रदर्सच्या भट्टीतून गेली. ॲव्हरीचे तराजू आणि वजनकाटे इथले. दुसऱ्या महायुद्धानंतर या पट्ट्यात काम इतकं होतं की माणसं पुरत नव्हती, आणि ओतशाळेतलं सगळ्यांत तापदायक, धुरकट, रात्रपाळीचं काम करायला स्थानिक पोरं तयार नव्हती. १९४८च्या नागरिकत्व कायद्यानं राष्ट्रकुलातल्या कुणालाही ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची, काम करण्याची मुभा होती. जालंदर-होशियारपूरकडचे शीख शेतकरी आले, पाकिस्तानातून आले, कॅरिबियन बेटांवरून आले. पंजाब्यांनी १९६१ साली हाय स्ट्रीटवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत गुरुद्वारा सुरू केला. सुमारे सत्तर हजारांच्या गावात ही नवी मंडळी काही हजारच होती.

नोकरी लागत होती. मिळत नव्हतं ते घर. नगरपालिकेच्या घरांसाठी आधीच लांबलचक यादी, आणि काल आलेल्याचा नंबर लागणार तरी कधी! खासगी घरमालक दारावरच ‘गोऱ्यांसाठी’ असं बजावत. मग चार-सहा नातेवाईक आणि गाववाले आपल्याकडच्या भिशीसारखे पैसे एकत्र करत आणि एखादं जुनं, पडीक होत आलेलं घर विकत घेत. हप्ते भागवायचे म्हणून त्याच घरात खोल्या भाड्यानं देत. दिवसपाळीचा उठला की त्याच पलंगावर रात्रपाळीचा झोपे. शेजारच्या घरातल्या बाईला खिडकीतून काय दिसे? एका घरातून बारा माणसं बाहेर पडताना दिसत, आणि ‘या लोकांना असंच राहायला आवडतं’ हा निष्कर्ष तयार. घर मिळू न दिल्यामुळे झालेली गर्दी हीच पुन्हा घर न देण्याचं कारण ठरत होती.

ठिणग्या निवडणुकीच्या बऱ्याच आधीपासून पडत होत्या. १९६१ साली प्राइस स्ट्रीटवर नगरपालिकेनं जुनी घरं पाडताना एका पाकिस्तानी कुटुंबाला सरकारी फ्लॅट देऊ केला, कारण ज्याचं घर पाडलं त्याला दुसरं देणं कायद्यानं भागच होतं. त्यावर गोऱ्या भाडेकरूंनी भाडं भरायचंच बंद केलं. एका कुटुंबासाठी एक फ्लॅट, तोही नियमानं. आणि गाव दोन तट पडल्यासारखं बोलू लागलं.

आणि त्या बोलण्याला जागा मिळाली ती ‘स्मेथिक टेलिफोन’ या स्थानिक साप्ताहिकात. माझ्या मते या प्रकरणात माध्यमांची भूमिका म्हणून जे सांगितलं जातं, त्यात या साप्ताहिकाला द्यायला हवं तेवढं वजन दिलं जात नाही. दूरचित्रवाणीचे कॅमेरे नंतर आले, आले तसे गेले. पण वाचकांच्या पत्रांचं पान दर आठवड्याला येत होतं. कचऱ्याचे डबे, मसाल्याचा वास, रात्री उशिराचा आवाज, क्षयरोगाची भीती, शाळेत वाढलेली मुलं. एकेक पत्र वेगळं वाचलं तर किरकोळ कुरकुर वाटेल. वर्षानुवर्षं सलग वाचलं की त्या कुरकुरीचा एकच विषय होतो: ‘ते’. घरांची यादी का हलत नाही, घरं का बांधली जात नाहीत, जुन्या घरांत दोन कुटुंबं कोंबून कोण भाडं खातं, हे प्रश्न त्या पानावरून मागे पडत गेले. ग्रिफिथ्सना नवं काही शोधावं लागलं नाही. त्या पानानं तयार करून ठेवलेली भाषा त्यांनी व्यासपीठावर नेली.

प्रचार

ती घोषणा ग्रिफिथ्सची किंवा त्यांच्या पक्षाची अधिकृत घोषणा नव्हती, हे नोंदवायला हवं. कॉलिन जॉर्डन या नवनाझी पुढाऱ्यानं पुढे तिचं श्रेय आपल्या माणसांकडे घेतलं. पण १९६४च्या मार्चमध्ये ‘द टाइम्स’नं विचारलं तेव्हा ग्रिफिथ्सनी तिचा निषेध करायला नकार दिला. ही लोकभावनेची अभिव्यक्ती आहे आणि असं म्हणणाऱ्या कुणाचा मी धिक्कार करणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. चलाख उत्तर. घोषणा आपली नाही, पण तिची मतं आपली.

समोरच्या बाजूचं काय? गॉर्डन वॉकर लंडनमध्ये राहणारे, ऑक्सफर्डचे माजी प्राध्यापक, परराष्ट्र धोरणात रमणारे. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर पहिल्यांदा परवान्यांचा लगाम घालणारं विधेयक हुजूर पक्षानं आणलं, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत ते पुढे होते. ते विधेयक १९६२ साली कायदा झालं. स्मेथिकमध्ये हा विरोध त्यांच्या गळ्यात बांधण्यात आला. गंमत अशी की याच गॉर्डन वॉकरनी १९५० साली राष्ट्रकुल खात्याचे मंत्री असताना बेचुआनालँडच्या (आजच्या बोट्सवानाच्या) सेरेत्से खामा या राजवारसाला मायदेशी परतायला बंदी केली होती. त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं एका गोऱ्या इंग्रज मुलीशी लग्न केलं होतं आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेला ते खपत नव्हतं. म्हणजे वर्णभेदाविरुद्ध छातीठोक उभा राहिलेला योद्धा असं त्यांना म्हणणं इतिहासाला धरून होत नाही.

आणि त्यांचा पक्ष तर गावात चक्क कच खात होता. स्मेथिकमधल्या मजूर पक्षाच्या क्लबातच गोऱ्यांव्यतिरिक्त कुणाला घेत नसत. प्रचाराच्या शेवटी शेवटी पक्षानं पत्रक काढलं, त्याचा मथितार्थ असा: परके लोक मोठ्या संख्येनं आले ते गेल्या दहा वर्षांत, तेव्हा सत्तेत हुजूर पक्ष होता, मग दोष आमच्यावर का? या पत्रकात पराभव लिहिलेला होता असं मला वाटतं. त्यात आलेले लोक हा ‘दोष’ आहे हे मान्यच करून टाकलं होतं. वाद फक्त तो कुणाच्या माथी मारायचा एवढाच उरला. ज्या मतदाराला हे पटलं, त्याच्याकडे मूळ माल विकणारं दुकान समोरच होतं.

निकालाच्या रात्री गॉर्डन वॉकर बाहेर पडताना जमावानं त्यांना त्याच शिवीचा उल्लेख करून ‘आता कुठे गेले तुझे ते?’ असं हिणवलं.

संसद

हॅरोल्ड विल्सन पंतप्रधान झाले. ३ नोव्हेंबरला संसदेत त्यांनी ग्रिफिथ्सचं नाव घेऊन सांगितलं की पुढच्या निवडणुकीत विस्मृतीत जाईपर्यंत हा सदस्य इथं ‘संसदीय महारोगी’ म्हणून दिवस काढेल. सभागृहात गदारोळ झाला, हुजूर पक्षाचे काही सदस्य उठून गेले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांना मथळा मिळाला.

विल्सनच्या संतापात खोटं काही नसावं. पण राजकारण म्हणून पाहिलं तर हे वाक्य फार स्वस्त होतं. महारोग्याची उपमाच किती हलकी, हे तर झालंच; शिवाय ज्या सोळा हजार सहाशे नव्वद लोकांनी ग्रिफिथ्सना मत दिलं, त्यांत कालपर्यंत मजूर पक्षालाच मत देणारे कामगार ढिगानं होते. त्यांना वाटलं, लंडनवाल्यांनी आपल्यालाच वाळीत टाकलं. आणि सरकारनं स्मेथिकसाठी त्या दिवशी केलं काय, तर एक टाळ्यांचं वाक्य. घरांबद्दल एक शब्द नाही.

विल्सननी गॉर्डन वॉकरना तरीही परराष्ट्रमंत्री केलं आणि त्यांच्यासाठी पूर्व लंडनमधली लेटन ही बिनधोक जागा मोकळी करून घेतली. २१ जानेवारी १९६५च्या पोटनिवडणुकीत ते तिथंही पडले, २०५ मतांनी. त्यांनी राजीनामा दिला. मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांनी यातून एकच गोष्ट घेतली: हा विषय आपल्याला बुडवतो.

मार्शल स्ट्रीट

आता त्या रस्त्याकडे. मार्शल स्ट्रीट म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटून बांधलेली साधी कामगारवस्तीची घरं. तिथली काही घरं भारतीयांनी घेतली होती. उरलेल्या गोऱ्या रहिवाशांपैकी काहींनी नगरपालिकेला गळ घातली की विक्रीला निघणारी घरं तुम्हीच विकत घ्या आणि फक्त गोऱ्या कुटुंबांना भाड्यानं द्या. हुजूर पक्षाच्या ताब्यातली नगरपालिका तयार झाली.

हा प्रस्ताव नीट बघण्यासारखा आहे. घरांची टंचाई ही तक्रार, आणि त्यावर उपाय काय, तर उभ्या असलेल्या घरांवर सार्वजनिक पैसा घालायचा. त्यातून गावात एका घराची भर पडत नव्हती. यादीवरचं एकही कुटुंब केवळ त्यामुळे लवकर घरात जाणार होतं असं नाही. कारण जे घर भारतीयाला मिळालं नाही, तो भारतीय दुसऱ्या गल्लीत जाऊन आणखी एका घरात दाटीनं राहणारच होता. नगरपालिकेला टंचाई मिटवायची नव्हती, टंचाईची रांग रंगाप्रमाणे लावायची होती.

कर्ज काढायला गृहनिर्माण खात्याची परवानगी लागे. मंत्री होते रिचर्ड क्रॉसमन. त्यांनी ती दिली नाही आणि योजना बारगळली. कागदावर सही न करणं, एवढंच. पण स्मेथिकमध्ये केंद्र सरकारनं केलेली ही सर्वांत परिणामकारक गोष्ट होती, आणि तिच्यावर मथळे फारसे आले नाहीत.

मथळे आले ते १२ फेब्रुवारी १९६५च्या भेटीचे. अवतारसिंग जौहल हे इंडियन वर्कर्स असोसिएशनचे कार्यकर्ते. जालंदरजवळच्या जंडियालाहून १९५८ साली शिकायला म्हणून आले आणि ओतशाळेत लागले. त्यांची संघटना गावातल्या दारूच्या गुत्त्यांची परीक्षाच घ्यायची: गोरे विद्यार्थी आणि भारतीय कामगार एकत्र आत जात, कुणाला पेला मिळतो आणि कुणाला नाही याची नोंद ठेवत, आणि मग परवान्याच्या सुनावणीत ती मांडत. या लोकांच्या निमंत्रणावरून अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले. तीनच दिवसांपूर्वी फ्रान्सनं त्यांना विमानतळावरून परत पाठवलं होतं. सोबत बीबीसीचे कॅमेरे होते.

ते मार्शल स्ट्रीटवरून चालत गेले. घरांवर विक्रीच्या पाट्या होत्या. गोऱ्या रहिवाशांपैकी काहींनी त्यांना चार शब्द सुनावले. वार्ताहरांनी गाठलं तेव्हा ते म्हणाले की इथल्या काळ्या माणसांना हिटलरच्या राज्यात ज्यूंना मिळाली तशी वागणूक मिळतेय असं ऐकलं म्हणून मी आलो; आणि फासिस्ट लोक विषारी वायूच्या भट्ट्या उभारेपर्यंत मी वाट बघत बसलो नसतो. मग ब्लू गेट्स नावाच्या गुत्त्यात गेले. तिथल्या स्मोक रूममध्ये, म्हणजे जरा बऱ्या बैठकीच्या खोलीत, त्यांच्या मंडळींना वाढायला नकार मिळाला, तेव्हा ती पुढच्या साध्या बारमध्ये जाऊन बसली. नऊ दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली.

गावचे महापौर खवळले. या माणसाला देशात येऊच का दिलं, असा त्यांचा सूर होता. बीबीसीवर टीका झाली की तिनं आगीत तेल ओतलं. या टीकेत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. हिटलरच्या भट्ट्यांची तुलना स्मेथिकला लागू नव्हती. तिथं जे चाललं होतं ते जास्त साधं, जास्त रोजचं आणि म्हणूनच जास्त चिवट होतं. त्या एका वाक्यानं महापौरांना घरांबद्दल न बोलता पाहुण्याच्या जिभेबद्दल बोलायची सोय करून दिली. पण कॅमेरा नसता तर गुत्त्यातली ती खोली जगाला दिसलीच नसती. जौहल आणि त्यांचे साथीदार ती वर्षानुवर्षं नोंदवत होते, तेव्हा कोणता संपादक धावत आला होता? त्या दिवशी कॅमेऱ्यात बोलणं सगळ्यांचं आलं, पण मार्शल स्ट्रीटवर राहणाऱ्या भारतीय कुटुंबांचं मत ठळकपणे कुणी विचारल्याचं दिसत नाही. जगभर गाजलेल्या रस्त्याचे रहिवासी त्या गाजण्यात बिनबोलाचेच राहिले.

हिशोब

३१ मार्च १९६६ला पुन्हा निवडणूक झाली आणि ग्रिफिथ्स पडले. मजूर पक्षानं अँड्र्यू फॉल्ड्स या नटाला उभं केलं होतं. तो विषयाला बगल न देता बोलला आणि जिंकला. पाठ्यपुस्तकी गोष्ट इथं संपवतात: द्वेष एकदा जिंकला, मग हरला.

धोरणाच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट तशी नाही. क्रॉसमन, ज्यांनी मार्शल स्ट्रीटच्या कर्जाला नकार दिला, त्यांनीच १९६५च्या फेब्रुवारीत आपल्या दैनंदिनीत लिहिलं की स्मेथिकपासून हे उघड झालंय, की परदेशातून येणाऱ्यांचा लोंढा आपण येऊ देतोय असं लोकांना दिसलं तर मतं घालवणारा याहून मोठा विषय मजूर पक्षाला नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये सरकारनं श्वेतपत्रिका काढून राष्ट्रकुलातल्या कामगारांचे वार्षिक परवाने ८,५०० वर आणले, त्यांतले हजार तर माल्टासाठी राखून. ज्या पक्षानं १९६२च्या कायद्याला विरोध केला होता, त्यानंच तो आणखी आवळला. ग्रिफिथ्सना जागा टिकवता आली नाही, पण त्यांना हवं ते धोरण त्यांना महारोगी म्हणणाऱ्यांनी राबवलं. बर्मिंगहॅमचे तरुण मजूर खासदार रॉय हॅटर्सली यांनी याला तात्त्विक बैठक दिली: मर्यादेशिवाय एकोपा अशक्य, एकोप्याशिवाय मर्यादा असमर्थनीय. वाक्य डौलदार आहे. पण त्यात पुन्हा तेच गृहीत आहे, जे त्या शेवटच्या पत्रकात होतं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होता १९६५चा वंशसंबंध कायदा. तो नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला आणि सार्वजनिक जागी वर्णावरून नकार देणं बेकायदा ठरलं: हॉटेलं, गुत्ते, नाटकगृहं, बस. म्हणजे ब्लू गेट्सची स्मोक रूम कायद्यात आली. घरं आणि नोकऱ्या आल्या नाहीत! खाजगी घरमालकानं ‘गोऱ्यांसाठी’ म्हणून दार लावलं तर त्याविरुद्ध दाद मागायची सोय नव्हती. कॅमेऱ्यासमोर घडलं त्याला कायदा मिळाला, मार्शल स्ट्रीटचं मूळ भांडण ज्यावर होतं त्याला नाही.

ते व्हायला १९६८चा ऑक्टोबर उजाडावा लागला. सुधारित कायद्यात घरं आणि नोकऱ्या आल्या. पण त्या कायद्याचं विधेयक संसदेपुढे असतानाच, एप्रिलमध्ये, शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये बाहेरून येणाऱ्यांविरुद्धचं आपलं कुप्रसिद्ध भाषण केलं, आणि त्यांच्या समर्थनार्थ लंडनचे गोदी कामगार मोर्चा घेऊन संसदेवर गेले. त्याआधी, फेब्रुवारीच्या शेवटी, केनियातून निघालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी दार बंद करणारा कायदा तीन दिवसांत संसदेतून काढून घेतला गेला होता. त्यांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होते. सरकार विल्सन यांचंच होतं.